मानेपासून करंगळीपर्यंत

२१ जानेवारी, हैदराबाद

ही डायरी मागच्या वर्षाची आहे. कृषी केंद्रवाल्यानं बाबाले देल्ली, बाबानं मले. छापलेले वार जुळत नाईत म्हणून वार खोडतो, तारीख ठेवतो.

सातवीत शाळा सोडली, त्यानंतर पेन धरला तो सहीपुरता. आज धरला तर सरकून राह्यला. करंगळी बाजूलेच जाऊन बसते, रुसल्यासारखी. सवय नाई, दुसरं काय.

धीरज गादीवर लोळून इचारते, "अंकुश्या, लव्हलेटर का बे? नाव तरी सांग पोरीचं." धीरज वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेचा, मी हिंगणीचा. चार वर्षं झाले, दोघं एका खोलीत, एका गादीवर. या शहरात माह्या भाषेत बोलणारा तो एकटा, अन् तो मले बोलूच देत नाई. म्हणून लिहून पाहतो.

काम लग्नाच्या जेवणाचं. धीरज पुऱ्यांच्या कढईवर, मी तंदूरवर. बाकीचे रोटी थापताना हाताले ओलं कापड गुंडाळतात. मी नाई. मले चटकाच बसत नाई. उस्ताद, म्हणजे आमचा मोठा आचारी, पाहुण्यांना आणून दाखवते, "देखो, फायरप्रूफ लडका." दोन वर्षांपासून असं आहे. कुठून आली ही देन, माहीत नाई. पंधरा दिवस सुट्टी भेटली, परवा गावाले निघतो.

२ फेब्रुवारी, हिंगणी

आज शेतात रोडग्याचा कार्यक्रम झाला. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजाचे, राखेतून काढाचे, झटकाचे, वरण-वांग्याच्या भाजीसोबत खाचे. सारे चिमटा शोधून राह्यलते. मी बाह्या वर केल्या अन् हातानंच काढले. एक नाई, दोन नाई, चाळीस. पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या. बाबा कोणालेच आवरत नव्हते, "माह्या पोराच्या हाताले मारुतीचं वरदान आहे." माय म्हणे, पुरे झालं, दृष्ट लागन.

एकटी जागृतीताई हसली नाई. ती गावची आशाताई, घरोघरी जाऊन लसीकरण, गोळ्या, बाळंतपण पाहते. तिनं माहा हात धरला अन् उलटा केला. करंगळीच्या बाजूनं कातडी सोलून निंगालती, पाण्यानं भरलेला फोड आलता. मले माहीतच नव्हतं.

"दुखून नाई राह्यलं?"

"नाई ना ताई. तेच तर."

"उद्या सकाळी घरी थांबजो. कुठी जाऊ नको."

कायले, ते नाई सांगतलं.

३ फेब्रुवारी

ताई आली. मले उजेडात बसवलं. डोळे मिट म्हणे, अन् जिथं लागन तिथं बोट ठेव. कापसाच्या वातीनं काय काय करून राह्यलती. मी थांबलो, थांबलो, मंग म्हटलं, "ताई, सुरू तर कर."

माय दाराशी उभी होती. ती पटकन घरात गेली.

कोपराच्या वर एक फिक्कट डाग आहे. ताईनं त्याच्यावर बोट फिरवलं. "हा केव्हाचा?"

"असन दोन-तीन वर्षाचा. खाजत नाई, दुखत नाई, काहीच करत नाई."

"म्हणूनच इचारून राह्यली भाऊ."

६ फेब्रुवारी

ताईनं वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर मॅडमनं नाव सांगतलं. कुष्ठरोग. बाबानं त्याचं जुनं नाव तोंडातल्या तोंडात घेतलं अन् भिंतीकडे पाह्यलं.

आज लिहिवत नाई.

८ फेब्रुवारी

आता लिहितो. धनंजय सरांनी सांगतलं आहे की रोज लिही, बोटं चालली पाह्यजेत. धनंजय सर व्यायामाच्या खोलीतले. बारीक चष्मा, बोलणं हळू.

त्यांनी माहा उजवा हात कोपरात वाकवला अन् मागच्या खाचेत बोट घातलं. मंग माहंच डावं बोट धरून तिथं ठेवलं. "हे लागतं?" लागलं. कातडीखाली सुतळीसारखी जाड दोरी. डाव्या कोपरात तशीच, पण बारीक. आपल्या आंगात असा दोर आहे हे मले चोवीस वर्षं माहीत नव्हतं!

सर म्हणाले, "ही नस. कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, ती हीच. तुझं कोपर शेवटचं कधी आपटलं?"

आठवलं नाई. म्हणजे आपटलं असन, मले कळलं नसन.

"हे जंतू फार आळशी," सर म्हणाले. "एकाचे दोन व्हायला दोन आठवडे घेतात. त्यांना थंड जागा आवडते, आणि कोपराजवळ नस कातडीला लागूनच जाते. तिथे ते नसेच्या धाग्यांवरच्या पांघरुणात शिरतात. शरीर त्यांच्याशी लढायला जातं, नस सुजते, धागे आत चेंगरतात. गोळ्यांनी जंतू मरतील, ते नक्की. सूज उतरवायच्या गोळ्या वेगळ्या, त्या सहा महिने."

"अन् हात?"

"करंगळी आणि तिच्या बाजूचं बोट वाकायला लागलंय. किती परत येईल ते आत्ता सांगता येणार नाही. आतला धागा जिवंत असेल तर येईल."

म्हणजे माहा हात आता एका धाग्यावर आहे, अन् तो धागा जिवंत आहे का मेला, ते डॉक्टरलेही माहीत नाई. ज्याले मी देन म्हणत होतो ते माह्या हाताचं मरण होतं. उस्ताद लोकांना बोलावून बोलावून ते दाखवत होता.

९ फेब्रुवारी

सकाळी लघवी लालभडक झाली. मी ओरडत बाहेर आलो. बाबा काठी घेऊन धावले, त्यांना वाटलं साप. जागृतीताईले फोन लावला, तर ती हसूनच बेजार. "अरे बाप्पा, सांगतलं होतं ना, त्या गोळीनं लघवी लाल होते म्हणून! तुम्हा पोट्ट्यांचे कान कुठी असतात?"

चार दिवसांनी घरात कोणीतरी हसलं. मायही हसली.

१२ फेब्रुवारी

सरांना इचारलं, नस म्हणजे दोर, तर दोरात काय आहे. ते म्हणाले हजारो धागे, अन् एक धागा म्हणजे एका पेशीचा हात. पेशी म्हणजे आपलं आंग ज्यांचं बनलं आहे ते बारीक कण, सूक्ष्मदर्शकातून दिसणारे. इतकं मले माहीत होतं. पण सर म्हणाले, करंगळीचा स्पर्श नेणाऱ्या पेशीचं धड मानेजवळ मणक्याच्या बाजूला बसलेलं असते अन् तिचा एक हात तिथून निघून खांद्यातून, कोपराच्या खाचेतून, मनगटातून थेट करंगळीच्या टोकावर येते. मधात जोड नाई. एकच पेशी.

मी म्हटलं, "सर, खेडूत आहे म्हणून काही पण सांगता का?"

"माप घरी जाऊन," म्हणे.

घेतलं माप. मायनं दोराचं एक टोक मानेवर धरलं, मी करंगळीवर. दोन हातांहून जरा जास्त भरला. एवढी लांब एक पेशी, अन् जाडी केसाहूनही कितीतरी कमी! सर म्हणाले होते, तिचं धड लिंबाएवढं केलं तर हात अर्ध्या किलोमीटरच्या वर जाईन. म्हणजे लिंबू आमच्या अंगणात अन् करंगळीचं टोक बसस्टँडच्याही पुढं. मी अंगणात उभा राहून बसस्टँडकडे पाहत राह्यलो. माय म्हणे, "काय झालं रे?" म्हटलं, "माय, तुह्या आंगातही आहे हे. त्या शेळीच्याही आहे."

"शेळीले कायले मधात आणतं," म्हणे, अन् दोर गुंडाळून ठेवला.

२० फेब्रुवारी

बाबानं गावात सांगून टाकलं की अंकुश गाडीवरून पडला, हाताले मार आहे. मले म्हणे, तूही हेच सांगजो. मी म्हटलं मॅडमनं तर सांगतलं, गोळ्या सुरू झाल्या की कोणाले लागत नाई. बाबा म्हणे, "मॅडमले हिंगणीत राहाचं नाई." दवाखान्यानं संगतीतल्या माणसांची नावं इचारली, म्हणजे ज्यांच्या जवळ राह्यलो ते सारे, तपासाले. मी माय-बाबाचंच नाव देलं.

संध्याकाळी धीरजचा फोन. त्यालेही गाडीचंच सांगतलं. तो म्हणे, "तंदूरवर उस्तादनं मलेच उभं केलं. तुही जागा गरम ठेवतो, लवकर ये."

दिवाळीनंतरच्या लग्नांपर्यंत हात आला तर जागा माही. नाई आला तर काय, याचा विचार करत नाई.

४ मार्च

व्यायामाच्या खोलीत लहानूजी भेटतात. साठीचे. त्यांचा आजार लहानपणी कोणी ओळखलाच नाई, तेव्हा गोळ्याही आजच्यासारख्या नव्हत्या. दोन्ही हातांची बोटं वाकून घट्ट झाली आहेत. ते रोज पाय पाण्यात भिजवतात, तेल लावतात अन् तळवा आरशात पाहतात, जखम आहे का म्हणून.

"माह्या नसा पेन्शनीत गेल्या," ते म्हणाले. "आता सारी ड्युटी डोळ्याकडे. खिळा रुतला का, डोळ्यानं पाहाचं. चहा गरम आहे का, वाफ पाहाची. तुही नस अजून नोकरीवर आहे पोरा, तिले काढू नको."

आज सरांनी सांगतलं स्पर्श जाते कसा. मले वाटलं तारेतून लाईट जाते तसा. "तसा नाही," ते म्हणाले. "धाग्याच्या बाहेर खारं पाणी असतं, आतही असतं, पण मिठाची जात वेगळी. धाग्याच्या भिंतीला लाखो बारीक दारं. करंगळीला काही टेकलं की तिथलं दार उघडतं, बाहेरचं मीठ आत शिरतं. त्या धक्क्यानं शेजारचं दार उघडतं, मग त्याच्या शेजारचं. सायकल स्टँडवर एक सायकल पडली की सगळी रांग पडत जाते, तसं."

"मंग त्या उभ्या कोण करते?"

"आपोआप होतात. पहिलं दार मिटतं, दुसऱ्या जातीचं मीठ बाहेर जातं, रांग पुन्हा उभी. डोळ्याची पापणी लवेपर्यंत कितीतरी वेळा."

लहानूजीचे पाय पाण्यातच राह्यले, ते म्हणे, "सर, चाळीस वर्षं येऊन राह्यलो, मले काऊन नाई सांगतलं हे?"

"तुम्ही विचारलं नाही लहानूजी."

स्पर्शाचा वेग इचारला. चांगल्या जाड धाग्यातून सेकंदाले पन्नास मीटर. इथून आठ किलोमीटरवर कोणी टेकवलं तर तीन मिनिटाच्या आत कळन. पण चटक्याची आग वेगळ्या, बारीक धाग्यातून येते, पायी चालणाऱ्या माणसाच्या चालीनं. म्हणून तव्याले बोट लागलं की आधी लागल्याचं कळते, मंग आग होते. हे तर साऱ्याच माणसाले रोज होते! कोणीच थांबून पाहत नाई. मी तर पाहून राह्यलो तेव्हा माह्यातली ती वाटच बंद.

१९ मार्च

आज गोठ्यात बसलो होतो. नंदी बैल चरून राह्यलता. त्याच्या पाठीवर माशी बसली. पाठीची तेवढीच, रुपयाएवढी कातडी थरथरली. माशी उडाली, पुढं बसली, तर तिथली थरथरली. नंदीनं मानही वर केली नाई. कडबा खाताखाता त्याचं आंग त्याच्या नकळत पहारा करून राह्यलं होतं.

सर म्हणाले होते, चटका बसला की हात मागे येते तो मेंदूले इचारून येत नाई. बातमी मणक्यातल्या दोरापर्यंत जाते, तिथूनच हुकूम परत येते, हात मागे येते, मेंदूले मागून कळते. दूध पाजणाऱ्या साऱ्या जनावरांत हीच तऱ्हा, उंदरापासून हत्तीपर्यंत. आमच्यात एवढा पहारेकरी अन् आम्ही समजतो सारं आम्हीच करून राह्यलो.

मी नंदीच्या जवळ गेलो अन् करंगळी त्याच्या पाठीवर टेकवली. त्याले कळलं. मले नाई.

७ एप्रिल

धीरजचा फोन. मोठ्या लग्नातून आलता, खुशीत होता. म्हणे, "अंकुश्या, आता मीही कापड नाई घेत. तुह्यासारखंच जमाले लागलं. उस्ताद म्हणते, सिंदी मेघेवाला भी फायरप्रूफ."

राग आला. चार वर्षं तंदूरपुढं मी भाजलो अन् नाव हा नेऊन राह्यला. फोन ठेवून दिला. असे दोस्त.

१६ एप्रिल

आज परीक्षा होती. सर नायलॉनचे पाच धागे आणतात, एक केसासारखा, शेवटचा जाड. डोळे मिटाचे, धागा टेकला की "हाव" म्हणाचं. मी डोळे किलकिले ठेवले. सरांची सावली हातावर हलली की "हाव". एकदम पास होऊन राह्यलो होतो.

लहानूजी कोपऱ्यातून ओरडले, "सर, पोट्टा कॉपी करून राह्यला!"

सारी खोली हसली. मी लालेलाल. सर हसले नाईत. त्यांनी धागे डबीत ठेवले. "मला फसवून तुला काय मिळालं?"

"मले परत जाचं आहे सर."

"तू 'हो' म्हणशील आणि मॅडम सुजेच्या गोळ्या लवकर कमी करतील. मग नस चेंगरेल. माझी नाही, तुझी."

परत परीक्षा झाली. करंगळीवर पाचही धाग्यांले मी गप्प. गप्प राहणं इतकं जड असते हे माहीत नव्हतं.

२ मे

दोन आठवडे काहीच लिहिलं नाई. व्यायामही टाळला. बोट तसंच वाकडं. सकाळी बॅग भरली, मायले सांगतलं दवाखान्यात जातो अन् वर्धा स्टेशनवर जाऊन बसलो. हैदराबादची गाडी पकडाची, तंदूर नाई तर भांडे घासीन, असं ठरवलं.

चहा घेतला. कागदी कप उजव्या हातात, डोळे गाडीकडे. बाजूची बाई किंचाळली, "अगं माय, भाजलं ना रे बाबा!" कप तिरपा झालता अन् उकळता चहा करंगळीवरून मनगटापर्यंत ओघळून राह्यला होता. मी पाहत राह्यलो. हात जागचा हलला नाई. कोणी हुकूमच देला नाई. मणक्यात बसलेला तो पहारेकरी वाट पाहत असन, अन् त्याच्याकडे बातमीच गेली नाई.

बाईनं तिच्या बाटलीतलं पाणी हातावर ओतलं. कुठी चालला, कोणाचा, काहीच इचारलं नाई. गाडी आली, गेली. मी दवाखान्याची ऑटो पकडली.

सरांनी पट्टी बांधली. मी म्हटलं, "सर, धागा मेला असन ना?"

"तुटला असेल, तरी मूळ पेशी मानेजवळ जिवंत असेल तर ती पुन्हा वाढते. दिवसाला एक मिलिमीटर. कोपरापासून करंगळीपर्यंत मोज."

मोजलं. चारशे मिलिमीटरच्या वर. तेवढेच दिवस. नख वाढते त्याच्या दहापट जोरात, पण आतून, आंधळेपणानं, जुन्या पांघरुणाच्या नळीतून वाट शोधत. जिथं चेंगरलं आहे पण तुटलं नाई, तिथं आधीही जागं होऊ शकते, असं सर म्हणाले.

मी पळून स्टेशनवर बसलो होतो तेव्हाही तो धागा कदाचित चालून राह्यला असन. माह्याहून भला आहे तो.

११ जून

आज भाकर खाताना अनामिकेत, करंगळीच्या बाजूच्या बोटात, मुंग्या चालल्या. पाह्यलं तर मुंगी नाई. परत चालल्या. मायले म्हटलं, "माय, मुंग्या!" ती झाडू घेऊन आली.

सर म्हणाले, "ही वाढत्या धाग्याची बडबड. त्याला अजून नीट बोलता येत नाही."

आज दिवसभर मी गप्प होतो, तो बोलून राह्यला होता.

२९ जून

काहीच न करता आपण जे जेवतो त्याचा पाचवा हिस्सा मेंदू खाऊन टाकते, ते मीठ आत-बाहेर कराले. झोपेतही. बाबाले सांगतलं. बाबा म्हणे, "मंग तुह्या मेंदूले जरा कमी वाढाले सांगतो मायले." बाबा आता मस्करी कराले लागले. काल त्यांनी माह्या बोटांले तेल लावून देलं. एकेक बोट सरळ करत बसले अन् म्हणे, "मारुतीचं वरदान म्हणलो होतो मी." मंग परत पह्यल्या बोटापासून सुरू केलं.

१४ ऑगस्ट

सूज उतरवाच्या गोळ्या संपल्या. जंतूच्या गोळ्या अजून सहा महिने. आज मोठी परीक्षा. डोळ्यावर मी सोताच रुमाल बांधून घेतला.

अनामिका, दुसऱ्या धाग्यापासून हाव. बोट जवळजवळ सरळ. करंगळी, पह्यला धागा नाई, दुसरा नाई, तिसरा नाई. चौथा टेकला अन् मले काहीतरी वाटलं. सांगावं का नाई, विचार करून राह्यलो. वाटलं म्हणून वाटलं का खरंच लागलं? थांबलो. परत टेकला.

"हाव," म्हटलं.

लहानूजीनं टाळी वाजवली. त्यांच्या हाताची टाळी वाजत नाई, पण त्यांनी वाजवली.

सर म्हणाले, "चांगलं आहे. पण तंदूर विसर. चौथ्या धाग्यावरचा हात आगीपुढे उभा करायचा नाही."

हे मले आतून माहीतच होतं. मी म्हटलं, "जाऊ द्या सर. तिथं आता धीरज आहे. तोही कापड घेत नाई, त्यालेही चटका बसत नाई."

माह्याच तोंडातून ते वाक्य निंगालं अन् माह्याच कानात गेलं. एप्रिलपासून ते माह्याजवळ होतं. डायरीत लिहून ठेवलं आहे मी, माह्याच हातानं. राग आला म्हणून लिहिलं.

सर लिहित होते, त्यांचा पेन थांबला. "धीरज कोण?"

चार वर्षं एका गादीवर झोपणारा. संगतीतल्या माणसांत ज्याचं नाव मी लिहिलं नाई तो.

सर म्हणाले, कोणाकडून कोणाले आलं ते आता कळणार नाई अन् त्याचा उपयोगही नाई. असेलच असंही नाई. पण त्याला आजच सांग. हैदराबादमध्येही हीच गोळी आहे, फुकट आहे.

१६ ऑगस्ट

काल दिवसभर फोन हातात घेतला अन् ठेवला. हात आला का नाई याचीच सहा महिने वाट पाह्यली, अन् आता वाटते, हाताचं निभलं असतं, हे तोंडानं सांगणं नको होतं. शेवटी आज दुपारी बाबाले सांगतलं की धीरजले खरं सांगतो. बाबानं आधी दार लोटलं. मंग म्हणे, "सिंदी मेघेले सारे ओळखतात आपल्याले." मी म्हटलं, "त्याचे हात आहेत बाबा." ते उठले अन् माह्यासाठी खुर्ची अंगणात उजेडात आणून ठेवली.

व्हिडिओ कॉल लावला. तिकडे दुपारची सुट्टी होती. धीरज पोत्यावर बसून, मागं कमलाबाई कांदे चिरून राह्यलती. ती आमच्यासंग कामाले, आदिलाबादची, मराठी समजते.

"आले का साहेब! गाडी चालवता का अजून का पडूनच राह्यले?"

"मी गाडीवरून नाई पडलो. खोटं सांगतलं होतं."

"मंग?"

सांगतलं. नाव घेऊन सांगतलं, डॉक्टरचं अन् गावचं दोन्ही. फेब्रुवारीपासून सारं. तो हसला, मंग हसणं थांबलं.

"तंदूर पाह्यजे तुले. म्हणून मले भेव दाखवून राह्यला."

"तंदूर तुहाच. मी परत येतच नाई."

"मंग मले कायले सांगतं? मले काय झालं? पाहून घे!" त्यानं उजवा हात स्क्रीनपुढं धरला. पाची बोटं सरळ. एकदम सरळ. मले रडू आलं, इतकी सरळ होती.

"एक मिनिट दे मले. डोळे मिट. कमलाबाई, पेन असन तर टोपण लावून घ्या. मी माह्या हाताले जिथं टेकवतो, तिथंच तुम्ही त्याच्या हाताले टेकवा. बोलू नका. धीरज, लागलं की हाव म्हण."

"नाटकं," तो म्हणे, पण डोळे मिटले.

मी माह्या अंगठ्याले पेन टेकवला. तिकडे कमलाबाईनं त्याच्या. "हाव." तर्जनी. "हाव. कांद्याचा वास येते बे तिच्या हाताले." मधलं बोट. "हाव." अनामिका. जरा थांबून, "हाव, हाव."

मंग मी माह्या करंगळीवर पेन ठेवला अन् दाबला. लागलं. गोधडीतून कोणी बोट लावावं तसं, दुरून, जाड, पण लागलं. मानेपासून निंगालेली ती एक बारीक पेशी दोन वर्षं चेंगरून पडली होती, अन् तिनं दोन हातांवरची बातमी मले आणून देली. आनंद कराले वेळ नव्हता.

कमलाबाईचा पेन त्याच्या करंगळीवर होता. तिनं दाबला. कातडीत खड्डा पडलेला मले इथून दिसून राह्यला होता.

धीरज डोळे मिटून हसून राह्यला होता. "कमलाबाई, झोपल्या का? लावा ना लवकर, मले तंदूर पेटवाचा आहे."

कमलाबाईनं पेन काढला नाई. तिनं फोनमधून माह्याकडे पाह्यलं.

"धीरज," मी म्हटलं, "डोळे उघड."